ऑटोकॅडमध्ये आयसोमेट्रिक ड्रॉइंग: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

"लाइनी सगळ्या ३० डिग्रीत आल्या पण होल वाकडं दिसतंय." "१०० यायला पाहिजे तिथे डायमेन्शन ८६.६ येतंय." "फिलेट मारला तर कोपरा भलताच दिसतोय." सबमिशन जवळ आलं की हे तीन प्रश्न फिरून फिरून येतात आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. आयसोमेट्रिकमध्ये वस्तूची तीन तोंडं एकाच चित्रात दिसतात, पण तुम्ही काढताय ती वस्तू थ्रीडी आहे हे ऑटोकॅडला माहीतच नसतं. त्याच्या दृष्टीने सपाट पानावर तिरक्या रेघा आहेत, बस. त्याला फक्त एवढंच कळतं की आत्ता कुठला आयसोप्लेन, म्हणजे वस्तूचं कुठलं तोंड, चालू आहे, लेफ्ट, टॉप की राइट, आणि ते सांगायचं काम दर कमांडच्या आधी तुमचं.

खाली एकच पार्ट घेऊन सगळं करूया. एल आकाराचा ब्रॅकेट आहे. बेस १०० लांब, ६० रुंद, १५ जाड. बेसच्या उजव्या टोकाला उभी प्लेट, तीही १५ जाड. उभ्या प्लेटचं डोकं ३० रेडियसचं अर्धगोल, त्याचा सेंटर खालपासून ४० वर, म्हणजे एकूण उंची ७०. त्याच सेंटरवर २४ व्यासाचं आरपार होल. बेसवर २० व्यासाचं होल, डाव्या टोकापासून ४० अंतरावर, रुंदीच्या मधोमध. बेसच्या डाव्या टोकाचे दोन्ही कोपरे १५ रेडियसचे. मापं सगळी मिलिमीटरमध्ये. आकडे मी इथे मराठीत लिहितोय, कमांड लाइनवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.

## कॉम्प्युटर चालू करायच्या आधी

प्रश्नात दिलेले व्ह्यू नीट वाचा. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली आणि डावीकडून बघितलेला साइड व्ह्यू उजव्या बाजूला. बरेच जण अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेले असतात, तिकडे थर्ड अँगल असतो, त्यामुळे उजवीकडे काढलेला साइड व्ह्यू हे लोक उजवीकडूनच बघितलाय असं धरून चालतात. मग खाचा, होल, गोलाई सगळं चुकीच्या बाजूला जातं आणि हे कळतं अगदी शेवटी, ट्रिम करताना.

दुसरं, प्रश्न परत वाचा. आयसोमेट्रिक ड्रॉइंग किंवा व्ह्यू मागितला असेल तर मापं जशीच्या तशी. आयसोमेट्रिक प्रोजेक्शन मागितलं असेल तर प्रत्येक माप ०.८१६५ पटीने लहान. हा गुणाकार प्रत्येक मापाला हाताने करत बसू नका. आधी सगळं खऱ्या मापात काढायचं आणि डायमेन्शनच्या आधी एकदाच स्केल कमांडने ०.८१६५ करायचं. मग डायमेन्शन १०० च्या जागी ८१.६५ दाखवेल, त्यासाठी डायमेन्शन स्टाइलमधल्या प्रायमरी युनिट्समध्ये स्केल फॅक्टर १.२२४७ टाका.

तिसरं, जवळचा खालचा कोपरा कुठला ते पेन्सिलीने ठरवा. आपल्या ब्रॅकेटला फ्रंट व्ह्यूचं खालचं डावं टोक जवळ घेतलं की लांबी उजवीकडे वर जाते, रुंदी डावीकडे वर, आणि उभी प्लेट मागे राहते, म्हणजे काही झाकलं जात नाही. उलट बाजू जवळ घेतली तर उभी प्लेट तोंडासमोर येऊन बेसवरचं होल तिच्यामागे जातं. दोन मिनिटांचं कच्चं स्केच काढाच, इथे आळस केला तर पुढे तासभर जातो.

## १. फाइल आणि सेटिंग

नवीन फाइल मेट्रिक टेम्प्लेटवर उघडा, त्याचं नाव अ‍ॅकॅडआयएसओ. या नावातल्या आयएसओचा आयसोमेट्रिकशी काही संबंध नाही. टेम्प्लेट उघडलं म्हणजे आयसोमेट्रिक चालू झालं असं समजून सरळ काढायला बसणारे दर बॅचला निघतात.

लेयर चार पुरे: कन्स्ट्रक्शन, ऑब्जेक्ट, सेंटर लाइन, डायमेन्शन. कन्स्ट्रक्शनला फिकट रंग द्या.

आता आयसोमेट्रिक चालू करा. २०१५ आणि पुढच्या व्हर्जनमध्ये खाली स्टेटस बारवर आयसोमेट्रिक ड्राफ्टिंगचं बटण असतं, नसेल दिसत तर आयसोड्राफ्ट टाइप करा. जुन्या व्हर्जनला ड्राफ्टिंग सेटिंग्जमध्ये स्नॅप अँड ग्रिड टॅबवर जाऊन ग्रिड स्नॅपखाली आयसोमेट्रिक स्नॅप निवडायचं. क्रॉसहेअर तिरका झाला की समजा झालं.

एफ८ दाबून ऑर्थो ऑन. एफ९ चा स्नॅप ऑफ ठेवा, नाहीतर कर्सर ग्रिडवर उड्या मारत बसतो. ऑब्जेक्ट स्नॅपमध्ये एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, क्वाड्रंट, इंटरसेक्शन एवढे पाच चालू ठेवा, आणि निअरेस्ट बंद, तो चालू असला तर पॉइंट कोपऱ्यावर बसल्यासारखा दिसतो पण बसलेला नसतो.

## २. एफ५ ची सवय

एफ५ दाबला की लेफ्ट, टॉप, राइट असे प्लेन फिरतात आणि कमांड लाइनवर नाव येतं. कमांडच्या मधेही दाबता येतो, लाइन तोडायची गरज नाही.

ऑर्थो चालू असताना राइट प्लेनमध्ये लाइन ३० आणि ९० डिग्रीतच जाते, लेफ्टमध्ये १५० आणि ९०, टॉपमध्ये ३० आणि १५०. म्हणून लाइन हव्या त्या दिशेला जातच नसेल तर माउसशी भांडू नका, प्लेन चुकलाय.

तपासणी: रिकाम्या जागेत कुठूनही लाइन सुरू करून तिन्ही प्लेनमध्ये एकेक तुकडा काढून बघा. कुठला प्लेन वस्तूचं कुठलं तोंड हे डोक्यात बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

## ३. आधी बॉक्स

कन्स्ट्रक्शन लेयरवर १०० बाय ६० बाय ७० चा पूर्ण बॉक्स काढा. जवळच्या कोपऱ्यापासून राइट प्लेनमध्ये १०० आणि ७० चं तोंड, मग ते कॉपी करून डावीकडे ६०, मग कोपरे जोडा. मागच्या लाइनी इथे पुसायच्या नाहीत.

वेळ वाया जातोय असं वाटून हा बॉक्स बहुतेक जण गाळतात. पण आपल्या पार्टचा जवळचा कोपरा गोल आहे, म्हणजे शेवटी तो कोपराच उरणार नाही, आणि १०० चं डायमेन्शन मात्र त्याच कोपऱ्यापासून घ्यायचंय. बॉक्स असला तर पॉइंट मिळतो. तेव्हा डायमेन्शन संपेपर्यंत कन्स्ट्रक्शन लेयर डिलीट करू नका, फार तर फ्रीझ करा, म्हणजे लपवून ठेवा.

## ४. एल प्रोफाइल

ऑब्जेक्ट लेयरवर या, राइट प्लेन लावा. जवळच्या कोपऱ्यापासून लाइन कमांड: उजवीकडे १००, वर ७०, परत डावीकडे १५, खाली ५५, डावीकडे ८५, आणि सी दाबून क्लोज. दिशा कर्सरने दाखवायची, आकडा टाइप करायचा, एंटर. शेवटची क्लोज झालेली लाइन बरोबर १५ ची उभी आली पाहिजे, तिरकी आली तर मधे एखादा आकडा चुकलाय.

आता एफ५, टॉप किंवा लेफ्ट प्लेन, आणि हे अख्खं प्रोफाइल कॉपी करून डावीकडे ६०.

इथे ऑफसेट वापरू नका. ऑफसेट काटकोनात अंतर मोजतो आणि आपले अ‍ॅक्सिस काटकोनात नाहीत. ३० डिग्रीच्या लाइनीला १५ चा ऑफसेट दिला तर अ‍ॅक्सिसवर ते अंतर १७.३२ पडतं, आणि गंमत म्हणजे डोळ्यांना ते बरोबरच दिसतं. मिरर आणि पोलर अ‍ॅरे यांचंही तेच, दोघं कागदाच्या हिशोबाने चालतात. कॉपी आणि ऑर्थो, एवढ्यावर काम भागवा.

प्रोफाइलला सहा कोपरे आहेत, त्यातले पाच जोडायचे. सहावा, म्हणजे खालचा उजवा मागचा, दिसत नाही. मागच्या कॉपीतली तळाची लाइन आणि टोकाची उभी लाइनही दिसत नाहीत, त्या दोन्ही डिलीट. आयसोमेट्रिकमध्ये लपलेल्या कडा सहसा दाखवत नाहीत, उगाच डॉटेड लाइनींचं जाळं करू नका.

तपासणी: डिस्ट कमांडने एखादी लांब कड मोजा. अंतर १०० आणि अँगल ३० असं स्वच्छ आलं पाहिजे. ९९.९८ किंवा २९.९ दिसलं तर ऑर्थो बंद असताना काहीतरी काढलं गेलंय, ते आत्ताच शोधा.

## ५. गोल म्हणजे आयसोसर्कल

सर्कल कमांड विसरा, तिरक्या तोंडावरचा गोल लंबगोल म्हणजे इलिप्स दिसतो आणि तोच आयसोसर्कल. ई एल टाइप करून एंटर मारा, ऑप्शनमध्ये आयसोसर्कल दिसेल, त्यासाठी आय दाबा. ऑप्शन दिसत नसेल तर कारणं दोन: आयसोमेट्रिक चालू नाही, किंवा तुम्ही रिबनवरचं सेंटरवालं इलिप्सचं बटण दाबलंय, ते थेट सेंटर विचारतं आणि हा ऑप्शन येतच नाही. टाइप करणं सगळ्यात खात्रीचं.

उभ्या प्लेटच्या आतल्या तोंडासाठी लेफ्ट प्लेन. सेंटर शोधायचा तर बेस आणि उभी प्लेट जिथे मिळतात त्या कडेचा मिडपॉइंट घ्या आणि तिथून वर कन्स्ट्रक्शन लाइन काढा, पण २५ ची. ४० हे माप तळापासूनचं आहे आणि ही कड आधीच १५ वर आहे. इथे ४० टाकून डोकं बॉक्सच्या बाहेर काढलेली ड्रॉइंग मी ढिगाने बघितली आहेत. त्या सेंटरवर रेडियस ३० चं एक आणि १२ चं एक आयसोसर्कल काढा. मोठं आतल्या तोंडाच्या वरच्या कडेला आणि दोन्ही उभ्या कडांना बरोबर टेकलं पाहिजे.

बेसच्या होलसाठी एफ५ ने टॉप. कमांड चालू असतानाही एफ५ दाबलात तर इलिप्स डोळ्यासमोर वळताना दिसतं. सेंटर बेसच्या वरच्या तोंडावर, डाव्या टोकाच्या वरच्या कडेच्या मिडपॉइंटपासून उजवीकडे ४०. रेडियस १०.

तपासणी: टॉपवरचं इलिप्स आडवं पसरलेलं दिसतं, त्याचा लांब अ‍ॅक्सिस पूर्ण हॉरिझॉन्टल. लेफ्टवरच्याचा लांब अ‍ॅक्सिस १२० डिग्रीत, राइटवरच्याचा ६० मध्ये. २० व्यासाच्या होलचा लांब अ‍ॅक्सिस २४.४९ आणि छोटा १४.१४ येतो, त्यामुळे इलिप्स होलपेक्षा मोठं का दिसतंय म्हणून घाबरू नका. एकच अपवाद म्हणजे गोळा. तो साध्या सर्कलनेच काढायचा, पण रेडियस १.२२४७ ने गुणून.

## ६. उभ्या प्लेटची जाडी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, सावकाश वाचा.

पहिल्यांदा आतल्या तोंडावरचं मोठं आयसोसर्कल ट्रिम करून खालचा अर्धा भाग काढा, कमान तेवढी उरेल. ट्रिम २०२१ पासून क्विक मोडमध्ये येतो, नको तो भाग क्लिक केला की गेला. जुन्या व्हर्जनला ट्रिम आणि दोनदा एंटर. कमानीवर उरलेले आधीच्या एल प्रोफाइलचे चौकोनी तुकडेही काढून टाका. आतल्या तोंडाच्या दोन उभ्या कडा आता सेंटरच्या उंचीपर्यंतच राहतात. मागच्या तोंडाची पुढची उभी कडही तळापासून ४० वरच थांबते.

मग राइट किंवा टॉप प्लेन लावून ती कमान उजवीकडे १५ कॉपी करा. आता पुढची आणि मागची कमान जोडणारी लाइन. ती कुठून कुठे? वरच्या डाव्या बाजूला पुढच्या कमानीच्या क्वाड्रंटपासून मागच्या कमानीच्या क्वाड्रंटपर्यंत. इलिप्सचा क्वाड्रंट म्हणजे त्याच्या लांब-छोट्या अ‍ॅक्सिसची टोकं, आणि लेफ्ट प्लेनवरच्या इलिप्सला ३० डिग्रीची स्पर्शरेषा बरोबर लांब अ‍ॅक्सिसच्या टोकावरच लागते. त्यामुळे टॅन्जंट स्नॅपशी झटापट करायची गरजच नाही. कमानीच्या अगदी वरच्या बिंदूपासून, जिथे ती बॉक्सला टेकते, तिथून लाइन काढणारे बरेच आहेत, ते चूक. ती लाइन कमानीला कापून जाते, झूम केलं की दिसतं.

जोडणारी लाइन झाली की तिच्या डावीकडचा मागच्या कमानीचा तुकडा ट्रिम. आणि उजवीकडे, सरळ कड संपून गोलाई सुरू होते तिथे जाडीवर आडवी लाइन काढायची नाही. सपाट भाग गोलाईत मिसळतो, तिथे कड नसते.

आता होल. २४ चं आयसोसर्कल १५ उजवीकडे कॉपी करा. पुढच्या होलमधून मागच्याची डावी कड बारीक चंद्रकोरीसारखी दिसते, तेवढीच ठेवायची, बाकी ट्रिम. बेसच्या २० च्या होलला मात्र खालची कड अजिबात दिसत नाही, कॉपी करून बघा हवं तर. कारण सोपं आहे: इलिप्सचा छोटा अ‍ॅक्सिस व्यासाच्या ०.७०७ पट असतो. २४ ला तो १६.९७ येतो, जाडी १५, म्हणून जेमतेम दोन मिलिमीटर दिसतं. २० ला तो १४.१४, जाडीपेक्षा कमी, म्हणून काहीच दिसत नाही. सगळ्याच होलला सवयीने आतली कड काढणारे आणि कुठेच न काढणारे, दोघांचेही मार्क इथेच जातात.

## ७. गोल कोपरे, फिलेटशिवाय

फिलेट कमांड खऱ्या वर्तुळाचा तुकडा टाकते, आयसोमेट्रिकमध्ये तो चालत नाही. टॉप प्लेन लावा, बेसच्या वरच्या तोंडावर कोपऱ्यापासून दोन्ही कडांच्या दिशेने १५-१५ आत जाऊन सेंटर घ्या, रेडियस १५ चं आयसोसर्कल काढा आणि ट्रिम करून कोपऱ्याचा पाव भाग ठेवा. दोन्ही कोपऱ्यांना तेच. मग दोन्ही तुकडे लेफ्ट किंवा राइट प्लेनमध्ये १५ खाली कॉपी करा आणि तळाच्या कडाही तिथपर्यंत ट्रिम करा.

पुढचा फरक लक्षात ठेवा. जवळच्या कोपऱ्यावर उभी लाइन अजिबात येत नाही, आधीची उभी कड डिलीट करायची, वरची आणि खालची गोलाई दोन्ही पूर्ण दिसतात. डाव्या कोपऱ्यावर मात्र एक उभी लाइन येते, वरच्या तुकड्याच्या डाव्या क्वाड्रंटपासून खालच्याच्या डाव्या क्वाड्रंटपर्यंत, आणि खालच्या गोलाईचा तिच्यापलीकडचा भाग ट्रिम होतो.

तपासणी: कन्स्ट्रक्शन लेयर फ्रीझ करून पूर्ण ड्रॉइंग बघा. प्रत्येक लाइनचं टोक दुसऱ्या कशाला तरी मिळालेलं हवं. लोंबकळणारं टोक दिसलं की तिथे ट्रिम तरी राहिलाय नाहीतर लाइन विसरली आहे. बघून झालं की लेयर परत थॉ करा.

## ८. डायमेन्शन

लिनिअर डायमेन्शन वापरायचं नाही. ते आडवं किंवा उभं अंतर मोजतं, त्यामुळे १०० च्या तिरक्या कडेला ८६.६ किंवा ५० दाखवतं. मग लोक टेक्स्ट एडिट करून हाताने १०० लिहितात, ते तर त्याहून वाईट. अलाइन्ड डायमेन्शन घ्या, आकडा बरोबर येतो.

पण ते कडेला काटकोनात उभं राहतं, तोंडावर बसत नाही. त्यासाठी अ‍ॅनोटेट टॅबमधलं ओब्लिक, किंवा डिमएडिट टाइप करून ओब्लिक. इथे एकच नियम: एक्स्टेन्शन लाइन त्या तोंडाच्या दुसऱ्या अ‍ॅक्सिसला समांतर हवी. राइट तोंडावर आडवं माप असेल तर ओब्लिक ९०, उभं माप असेल तर ३०. लेफ्ट तोंडावर आडव्याला ९०, उभ्याला उणे ३०. टॉपवर ३० च्या कडेला उणे ३० आणि दुसऱ्या कडेला ३०.

अक्षरंही तोंडावर झोपलेली दिसायला हवीत, म्हणून दोन टेक्स्ट स्टाइल करा, एकीचा ओब्लिक अँगल ३०, दुसरीचा उणे ३०. इथे ३३० टाकू नका, टेक्स्ट स्टाइल ८५ च्या पुढे घेतच नाही. हाइट शून्य ठेवा, नाहीतर डायमेन्शन स्टाइलमधली हाइट लागू होणार नाही. या दोघींवर बेतलेल्या दोन डायमेन्शन स्टाइल. राइट तोंडावरच्या आडव्या मापाला ३० वाली, लेफ्टवरच्या आडव्याला उणे ३० वाली. उभ्या मापांना उलट, राइटवर उणे ३० आणि लेफ्टवर ३०. टॉपवर ३० च्या कडेला उणे ३०, दुसरीला ३०. पाठ करू नका, लावून बघा, अक्षरांचे उभे दांडे एक्स्टेन्शन लाइनला समांतर दिसले की बरोबर.

होलला डायमीटरचं डायमेन्शन लागत नाही कारण ते सर्कल नाही, इलिप्स आहे. मल्टिलीडर घ्या आणि व्यास हाताने लिहा, चिन्हासाठी टक्क्याची खूण दोनदा आणि लगेच सी. रेडियसचंही तसंच.

आपल्या ब्रॅकेटला एकूण उंची ७० लिहू नका, सेंटरची उंची ४० आणि रेडियस ३० पुरे. डोकं गोल असलं की असंच द्यायचं.

## ९. प्रिंटच्या आधी

आता कन्स्ट्रक्शन लेयर फ्रीझ करा किंवा त्याचं प्लॉट बंद करा. ओव्हरकिल कमांड एकदा चालवा, कॉपी करताना एकावर एक बसलेल्या लाइनी त्यात जातात, नाहीतर प्रिंटमध्ये काही कडा उगाच जाड येतात. सेंटर लाइन सलग दिसत असतील तर एलटीस्केल बदला. प्लॉटमध्ये फिट टू पेपर काढून स्केल स्वतः निवडा, १ ला १ मध्ये हा पार्ट ए४ वर आडवा आरामात बसतो.

सेव्ह करण्याआधी आयसोड्राफ्टला ऑर्थोग्राफिक करून ठेवा. हे सेटिंग फाइलमध्येच राहतं आणि पुढच्या वेळी त्याच फाइलमध्ये फ्रंट व्ह्यू काढायला गेलात की कर्सर तिरका का म्हणून परत शोधाशोध.

हे एवढं करण्यापेक्षा थ्रीडी मॉडेल करून फ्लॅटशॉट मारला तर? चालतं, मॉडेलिंग येत असेल तर झटपटही होतं. साउथवेस्ट आयसोमेट्रिक व्ह्यू लावून फ्लॅटशॉट घेतला की टूडी ब्लॉक मिळतो, फक्त त्याच्या कडा ०.८१६५ ने लहान असतात. ड्रॉइंग मागितलं असेल तर तो ब्लॉक १.२२४७ ने स्केल करा, प्रोजेक्शन मागितलं असेल तर तसाच ठेवा. डायमेन्शन आणि ओब्लिकचं काम तरीही वरच्यासारखंच करावं लागतं.